दुधाचा नमुना आणि काळा कोट

प्रश्न : मी चोपड्याची, एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला. मला खुनाचे खटले लढवणारी बॅरिस्टर व्हायचंय. काका म्हणतात, ‘अन्नभेसळ, बियाण्यांची कामं धर, फौजदारीत काय ठेवलंय?’ काय करू?

उत्तर : बॅरिस्टर विलायतेत. आपल्याकडे 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यापासून सगळे अ‍ॅडव्होकेटच. आणि काकांना सांग, भेसळसुद्धा फौजदारी होऊ शकते.

जळगावात माझी सुरुवात खुनाच्या खटल्यानं झाली, म्हणजे सिनिअरांच्या मागे फायली वाहत. शिकले मात्र एका दूधवाल्याच्या प्रकरणात. नमुना ‘कमी दर्जाचा’ निघाला तर निवाडा अधिकाऱ्यापुढे दंडावर भागतं. ‘असुरक्षित’ निघाला तर थेट खटला. नमुन्याचे चार भाग केले का? तपासणीचा अहवाल हाती पडल्यावर 30 दिवसांत त्याविरुद्ध अपील केलं का? पक्षकार महिनाभर कागद म्हशीच्या गोठ्यात खोचून ठेवतो आणि मग आपल्याकडे येतो, भाऊ!

तारखा मोजायची हीच सवय खुनाच्या खटल्यात कामी आली. 90 दिवसांत आरोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामीन हक्कानं मागता येतो. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करते.

सनद घे, बार कौन्सिलची परीक्षा दे, आणि दोन वर्षं पंचनामे वाच. पैसा? पहिल्या वर्षी चोपडा-जळगाव एसटीचं भाडं निघालं तरी पुष्कळ.