मानेतली गाठ आणि किकुची

प्रश्न : माझ्या २४ वर्षांच्या मुलीच्या मानेत गाठ आली, महिनाभर ताप होता. आधी टीबीची शंका, मग बायोप्सीत ‘किकुची’ निघाला. हा कोणत्या विषाणूमुळे होतो? घरात इतरांना लागेल का?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अशा गाठीच्या तुकड्याची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना मी आजही दोनदा थांबते, कारण हा आजार टीबी आणि लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग) या दोघांसारखा भासतो. किकुची आणि फुजिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९७२मध्ये तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे नोंदवला. ताप, सुजलेल्या गाठी आणि आपोआप बरं होणं, यामुळे संशय विषाणूंवर गेला : एपस्टाइन-बार, एचएचव्ही-६, पार्वो बी-१९. पण ते काही गाठींत सापडले, काहींत नाहीत. शिवाय एपस्टाइन-बार बहुतेक निरोगी माणसांच्या शरीरातही मुक्कामाला असतो. नुसता सापडला म्हणून तोच कारण ठरत नाही. आजवर एकावरही दोष सिद्ध झालेला नाही.

हा आजार संसर्गजन्य मानला जात नाही. तिचं ताट-वाटी वेगळं करू नका हो! गाठ बहुधा एक ते चार महिन्यांत विरते. एएनए या रक्ततपासणीबद्दल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. कारण काहींना पुढे ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, होतो. सांधे दुखले, गालांवर चट्टे आले, तर लगेच दाखवा.