वडिलांच्या रिपोर्टमधला 'टीपी५३' मुलांकडे येतो का?

वडिलांना फुफ्फुसाचा कॅन्सर झालेली एक तरुणी त्यांचा जनुकीय रिपोर्ट घेऊन आली होती. 'टीपी५३ – पॅथोजेनिक (म्हणजे रोगकारक), ३८ टक्के' या ओळीखाली पेनाने दोनदा रेघ मारलेली. "मॅडम, म्हणजे मला कॅन्सर व्हायची शक्यता ३८ टक्के ना? आणि माझ्या मुलाला?"

ही भीती घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. मी तिला त्याच पानावरची वरची ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. 'नमुना : फुफ्फुसातील गाठीची बायोप्सी.' तपासणी गाठीची होती, रक्ताची नव्हती. ३८ टक्के हा आकडाही गाठीच्या नमुन्यातला डीएनए वाचताना किती प्रमाणात तो बदल दिसला, एवढंच सांगतो. तिच्या धोक्याशी त्याचा संबंध नाही.

टीपी५३ हा ट्यूमर सप्रेसर, म्हणजे गाठ होण्यापासून रोखणारा जीन. डीएनएला इजा झाली की त्याचं प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं, आणि दुरुस्ती शक्यच नसेल तर पेशीला मरायला लावतं. प्रत्येक पेशीत अशा जीनच्या दोन प्रती असतात. सायकलच्या दोन ब्रेकसारखंच, एक निकामी झाला तरी दुसरा सहसा सांभाळून घेतो. दोन्ही गेले की पेशी बेताल वाढते. (टीपी५३ची बिघडलेली प्रत कधी कधी चांगल्या प्रतीच्या कामातही अडथळा आणते.) तिच्या वडिलांनी वर्षानुवर्षं सिगारेट ओढली होती. धुरातली बेंझोपायरीनसारखी रसायनं डीएनएला चिकटतात आणि नेमके असे बदल घडवतात. फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या 'स्मॉल सेल' या प्रकारात तर टीपी५३ आणि आरबी१ (असाच गाठ रोखणारा दुसरा जीन) हे दोन्ही जवळजवळ नेहमीच बिघडलेले सापडतात. पण हा बिघाड आयुष्यात मागाहून झालेला असतो, फुफ्फुसाच्या त्या पेशीत आणि तिच्यापासून वाढलेल्या गाठीत. तो मुलांकडे जात नाही.

अपवाद आहे, आणि तो मी कधीच लपवत नाही. ली-फ्रॉमेनी सिंड्रोममध्ये बिघडलेला टीपी५३ जन्मतःच शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो. अशा घरांत कमी वयात स्तनाचा, हाडाचा, मेंदूचा, अॅड्रिनल ग्रंथीचा कॅन्सर दिसतो. म्हणून आम्ही कागदावर तीन पिढ्या मांडल्या. तसं काही आढळलं नाही. आढळलं असतं, तर आधी वडिलांच्या रक्ताची जर्मलाइन तपासणी (जन्मतःच असलेला बदल शोधणारी) करायला सांगितलं असतं. मुलीपासून सुरुवात करण्यात फारसा अर्थ नसतो, कारण गाठीतला बदल वडिलांमध्ये जन्मतःच होता का, तेच आधी माहीत नसतं.

तिचा चेहरा थोडा सैल झाला. मग तिने हळूच सांगितलं, "भाऊही सिगारेट ओढतो."

तिच्या घरात खरी काळजी करण्यासारखी गोष्ट ही होती. सिगारेट कोणत्याही वयात सोडली तरी धोका कमी होतो, आणि घरातल्या इतरांच्या फुफ्फुसात जाणारा धूरही थांबतो. मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी रिपोर्ट नाही आणला तरी चालेल, भावाला घेऊन या."