तंतूंची मोळी कोण बांधते?

प्रश्न : पेशींमधील ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंच्या जुड्या बनतात, असे वाचनात आले. हे तंतू आपोआप एकमेकांना चिकटतात, की त्यांना कोणी बांधते?

उत्तर : आपोआप चिकटणे त्यांच्या स्वभावात नाही. सुमारे 7 नॅनोमीटर जाडीच्या या तंतूच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे शेजारी आलेले दोन तंतू एकमेकांना दूर लोटतात. परीक्षानळीत मॅग्नेशियमचे आयन भरपूर मिसळले, तर तंतूंच्या जुड्या बनतात, हे खरे. पेशीत मात्र हे काम प्रामुख्याने बांधणारी प्रथिने करतात. त्यांना तंतू पकडण्याच्या दोन जागा असतात, आणि एका जागेने एक तर दुसरीने शेजारचा तंतू धरला, की गाठ बसते.

खरी गंमत या गाठीच्या लांबीत आहे. फॅसिन हे आटोपशीर प्रथिन तंतूंना जवळजवळ खेटून बांधते. पेशीच्या कडेतून बाहेर डोकावणाऱ्या बोटांसारख्या बारीक उंचवट्यांत अशीच जुडी असते : साधारण 10 ते 30 तंतू, आणि सर्वांची वाढती टोके पेशीपटलाकडे. याउलट आल्फा-ॲक्टिनिन या दुसऱ्या बांधणाऱ्या प्रथिनाचे दोन रेणू उलटसुलट जुळून लांब दांडी तयार होते व तंतूंमध्ये सुमारे 35 नॅनोमीटर अंतर राहते. एवढ्या फटीत मायोसिन हे तंतू ओढणारे प्रथिन शिरू शकते आणि तंतूंना ओढून जुडी आखडवते. फॅसिनच्या जुडीत त्याला शिरायला वावच नसतो. फॅसिन आणि आल्फा-ॲक्टिनिन एकत्र मिसळली, तरी ती जुडीचे वेगवेगळे पट्टे वाटून घेतात, कारण कमी-जास्त अंतरांच्या गाठी शेजारीशेजारी बसवायच्या तर तंतूला वाकावे लागते.

जुडीचा ताठपणाही गाठींवरच ठरतो. 20 तंतू एकमेकांवरून मोकळेपणी सरकत असतील, तर जुडी एका तंतूच्या 20 पट ताठ होते. गाठी पक्क्या असतील, तर हिशेबाने 20 च्या वर्गाएवढी, म्हणजे 400 पट. मग जुडी हवी तेवढी जाड का होत नाही? तंतू पिळदार असल्यामुळे त्यावरील पकडीच्या जागा फिरत जातात आणि ठरावीक ठिकाणीच शेजाऱ्यासमोर येतात; जुडी जाड होते तसतसा हा पीळ सांभाळणे अवघड होत जाते.

आपण वापरलेला ‘चिकटणे’ हा शब्द मला आणखी एका कारणाने खटकतो : फॅसिनचा एखादा रेणू काही सेकंदांतच सुटतो आणि त्याची जागा दुसरा घेतो, जुडी मात्र तशीच उभी असते.