शिक्षणाच्या वेष्टनातले चित्रपट

प्रश्न : सत्तरच्या दशकात ठाणे स्टेशनजवळच्या चित्रपटगृहावर ‘लैंगिक शिक्षण, फक्त प्रौढांसाठी’ अशी पाटी लागली की बाहेर रांग लागे. अशा चित्रपटांचा हेतू खरोखरच शिक्षणाचा असे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सुरुवातीला काहींचा होता. जर्मनीत रिचर्ड ओस्वाल्ड यांनी १९१७ मध्ये गुप्तरोगांवर काढलेला चित्रपट प्रबोधनासाठीच होता. पुढे पहिल्या महायुद्धानंतर सेन्सॉरशिप उठताच त्याच नावाखाली उत्तान चित्रपटांचे पेव फुटले आणि १९२० मध्ये सेन्सॉरशिप परत आली.

अमेरिकेत मात्र बंदीनेच धंदा जन्माला घातला. तिथल्या १९३० च्या निर्मिती संहितेने, म्हणजे मोठ्या स्टुडिओंनी स्वतःवर घालून घेतलेल्या नियमावलीने, जिची कडक अंमलबजावणी १९३४ पासून झाली, लैंगिक आरोग्य आणि गुप्तरोग हे विषयच पडद्यावर निषिद्ध ठरवले. मोठ्या स्टुडिओंनी सोडलेले हे रान संहितेबाहेरच्या निर्मात्यांना मोकळे मिळाले. क्रोगर बॅब यांचा १९४५ चा ‘मॉम अँड डॅड’ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. आईने काहीच न सांगितल्यामुळे अडचणीत सापडलेल्या मुलीची ही कथा. पण लोक येत ते प्रसूतीची खरी दृश्ये पाहायला. स्त्रियांचे खेळ वेगळे, पुरुषांचे वेगळे, दाराशी परिचारिकेच्या गणवेशातल्या बायका. मध्येच चित्रपट थांबवून ‘आरोग्यतज्ज्ञ एलियट फोर्ब्स’ व्याख्यान देत आणि मग माहितीपुस्तिका विकल्या जात. हे फोर्ब्स मुळात अस्तित्वातच नव्हते; एकाच वेळी निरनिराळ्या गावांत निरनिराळे नट त्यांचे सोंग वठवत. मला ही फसवणूक गंभीर वाटते, कारण पुस्तिका घेणाऱ्या कित्येकांना ती माहिती खरोखरच हवी होती आणि ती मिळण्याची दुसरी सोय नव्हती.

हिंदीत बी. के. आदर्श यांचा ‘गुप्त ज्ञान’ १९७४ मध्ये लैंगिक शिक्षणाच्या नावानेच आला. तुम्ही पाहिलेली रांग त्याच सुमाराची असावी, आणि त्या रांगेतल्या कुणाला मी दोष देणार नाही. आपल्याकडे सोंग न घेता हे ज्ञान देणारा माणूस त्याच्या कितीतरी आधी होऊन गेला होता. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात स्वच्छ शब्दांत उत्तरे दिली. त्याच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली, तरीही कर्व्यांना दंड भरावाच लागला.