फलकावर 'अस्मिता' लिहावे की 'ओळख'?

प्रश्न असा आहे : वंश, ओळख आणि अध्यात्म यांवरच्या समकालीन कलाप्रदर्शनाचा मराठी फलक लिहिताना 'आयडेंटिटी'ला 'अस्मिता' म्हणावे का?

शक्यतो नको. 'अस्मि' म्हणजे 'मी आहे'. त्याला 'ता' लागून झाला मीपणा. पतंजलींच्या योगसूत्रांत (२.३) अविद्या, अस्मिता, राग, द्वेष आणि अभिनिवेश हे पाच क्लेश सांगितले आहेत. तिथे अस्मिता गळून पडायला हवी, आजच्या मराठीत मात्र ती मिरवायची असते. त्यामुळे 'अस्मिता आणि अध्यात्म' असे शीर्षक दिलेत, तर जाणकार दारातच हसेल.

शब्दाला कोणते क्रियापद चिकटते ते पाहावे. अस्मिता जागते, दुखावते, पेटते. ती बहुधा समूहाची. ओळख पटते, बदलते, पुसली जाते. स्वत्व जपतात किंवा गमावतात. चित्रकार स्वतःच्या आत शोध घेत असेल, तर 'ओळख'च बरी.

पण तिच्यातही दोन खड्डे आहेत. शेजारच्याच फलकावर 'कलाकाराची ओळख' म्हणजे परिचय असतो, तेव्हा तिथे सरळ 'परिचय' लिहावे. दुसरा खड्डा अनेकवचनाचा. 'चित्रकाराच्या अनेक ओळखी' म्हटले की वाचणाऱ्याला वशिला आठवतो! 'ओळखीचे अनेक पदर' म्हटले की सुटका होते. शीर्षकालाच नाम हवे असे कुठे आहे? 'आपण कोण?' हेही चालेल.

वंशाचे थोडक्यात : माणसे असतील तर 'पूर्वज', त्यांनी मागे ठेवलेले ते 'वारसा', श्राद्धाचा संदर्भ असेल तरच 'पितर'. 'कूळ' जपून वापरावे, कूळकायद्यातले कूळ डोळ्यांपुढे येते.

'आध्यात्मिकता' हा शब्द मात्र उगाच लांबवलेला आहे. 'अध्यात्म' हे मुळातच नाम आहे. तेही सरसकट नको. चित्रकार सय्यद हैदर रझांच्या 'बिंदू' या चित्रांना ते शोभते. वारली देवचौक हे मात्र लग्नविधीतले चौकटीचे भित्तिचित्र, तांदळाच्या पिठाने काढलेले, मधोमध पालघट देवी. त्याच्या खाली 'विधी' किंवा 'श्रद्धा' लिहावे.