टेन्स मशीन पाच दिवसांत बंद पडल्यासारखं का वाटतं

तुम्ही विचारलंय की कंबरदुखीसाठी टेन्स (कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देणारं मशीन) घेतलं, पहिले चार दिवस मस्त वाटलं, पाचव्या-सहाव्या दिवसापासून काहीच फरक नाही, आणि आता घरचे म्हणतायत फसलास. तर फसला वगैरे नाहीत. मी सात वर्षं वापरतोय, कंबर आणि डाव्या पायात उतरणारी कळ, आणि पहिल्या आठवड्यात माझंही अगदी हेच झालं होतं, मी तर मशीन कपाटात टाकून दिलं होतं दोन महिने.

आधी सांगा, करंट किती ठेवता? कारण बरेच जण मुंगी चालल्यासारखं वाटलं की थांबतात आणि अर्धा तास तसेच पडून राहतात. तेवढ्याने काही होत नाही. मी पॅड लावले की एकेक पॉइंट वाढवत जातो, आधी मुंग्या, मग दणकून झिणझिण्या, मग कधीतरी स्नायू टपकन उडतो, तिथून एक पॉइंट खाली यायचं. जोरदार पाहिजे पण दुखायला नको. आणि मुख्य म्हणजे पाच-दहा मिनिटांत ती झिणझिण आपोआप फिकी पडते, तेव्हा पुन्हा वाढवायचं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

यामागचं लॉजिक असं. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी मांडलं की दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात एक फाटक लागतं, आणि स्पर्शाच्या जाड नसा कामाला लावल्या की ते फाटक थोडं लोटलं जातं. कोपर आपटलं की आपण चोळतो ना, तेच. मग १९६७ ला वॉल आणि स्वीट यांनी सेकंदाला १०० ठोक्यांचा करंट आठ पेशंटवर वापरून बघितला, त्यातल्या नसांचा आजार असलेल्या चौघांना दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आराम मिळाला. त्याआधी म्हणे या दोघांनी स्वतःच्याच डोळ्याखालच्या नसेत सुया खुपसून ट्राय केलं होतं, हे वाचल्यापासून मी पॅडबद्दल कुरकुर करत नाही.

आता पाचव्या दिवसाचं कोडं. फाटकाच्या जोडीला शरीर स्वतःचंच मॉर्फिनसारखं द्रव्य सोडतं, आणि रोज तेच सेटिंग दिलं की त्याची सवय होते, जशी गोळीची होते तशीच. निरोगी माणसांवरच्या प्रयोगातसुद्धा पाचव्या दिवशी असर उतरलेला दिसलाय, म्हणजे तुमचा हिशोब अगदी बरोबर आहे! जास्त फ्रिक्वेन्सी (१०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० ठोक्यांच्या आसपास) आणि कमी फ्रिक्वेन्सी (२ ते ४ हर्ट्झ, ज्यात ठकठक जाणवतं) वेगवेगळ्या रिसेप्टरवर (ते द्रव्य जिथे जाऊन बसतं त्या जागांवर) काम करतात, म्हणून अदलाबदल करायची किंवा मशीनला मिक्स मोड असेल तर तो लावायचा. मी आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टीही देतो. आणि हो, कॉफी. १९९५ च्या एका छोट्या अभ्यासात कॅफिन घेतल्यावर टेन्सचा असर कमी झालेला दिसला होता, मी आता आधी मशीन मग कॉफी असं करतो, फरक पडतो की मनाचे खेळ आहेत देव जाणे.

पॅडकडेही बघा. जेल सुकलं की कडा उचलल्या जातात, करंट एकाच ठिपक्यातून घुसतो आणि सुई टोचल्यासारखं होतं, मग माणूस घाबरून करंट कमी करतो आणि म्हणतो मशीन चालत नाही. कातडी धुवून पुसून कोरडी, तेल-क्रीम काही नको, पॅड एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, आणि काढण्याआधी मशीन बंद. मी एकदा चालू असताना अर्धा पॅड ओढला, जो झटका बसला तो अजून आठवतो.

खरं सांगायचं तर टेन्सने आजार बरा होत नाही. २०२२ ला ३८१ ट्रायल एकत्र करून पाहिल्या, त्यात लावलेलं असताना आणि लगेच नंतर दुखणं कमी होतं असं दिसलं. उलट ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ च्या गाइडलाइनमध्ये कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असंच म्हटलंय. मला दोन्ही पटतात. लावून नुसतं आडवं पडलं तर काढल्यावर थोड्या वेळाने कळ परत हजर. म्हणून मी ते लावून चालतो, फिजिओने दिलेले व्यायाम करतो, जे एरवी दुखण्यामुळे टाळले असते ते त्या अर्ध्या तासात होऊन जातात. माझ्यासाठी मशीनचा उपयोग एवढाच, आणि तो पुष्कळ आहे.

पेसमेकर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. मानेच्या पुढच्या बाजूला, छातीवर, डोळ्यांवर, जखमेवर, बधिर झालेल्या कातडीवर लावायचं नाही, गरोदरपणात पोटावर-कमरेवर नाही, गाडी चालवताना किंवा झोपताना तर नाहीच. आणि पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला असं काही असेल तर मशीनशी खेळत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता मशीनवर फ्रिक्वेन्सी किती दिसते आणि पॅड किती जुने आहेत ते लिहा, मग कुठे लावायचे ते बघू.