शुश्रूषा केंद्रात ठेवल्यावर महिनाभर आईला भेटायला जाऊ नये, हे खरे आहे का?

आपण विचारले आहे की आईला शुश्रूषा केंद्रात ठेवून तीन आठवडे झाले, भेटायला गेले की ती 'मला घरी ने' म्हणून रडते, आणि केंद्रातले लोक सांगतात की महिनाभर येऊ नका, म्हणजे त्या रुळतील. तर हे ऐकावे का, रुळायला किती दिवस लागतात आणि मनाची टोचणी कशी थांबवावी. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: ऐकू नये. हा सल्ला आईच्या हिताचा कमी आणि कर्मचाऱ्यांच्या सोयीचा अधिक असतो, कारण भेटीनंतर रडणाऱ्या माणसाची समजूत घालण्यात त्यांचा वेळ जातो आणि न रडणारा माणूस 'रुळला' म्हणून नोंदवून मोकळे होता येते.

आमच्या बाबांच्या वेळी नेमका हाच सल्ला मिळाला आणि माझ्या थोरल्या भावाने तो शिरसावंद्य मानला. बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता, उजवा हात चालत नव्हता, दोन माणसे असल्याखेरीज त्यांना उठवता येत नव्हते. त्यामुळे त्यांना तिथे ठेवण्याबद्दल आमच्यात दुमत नव्हते. दुमत होते ते भेटीबद्दल. 'तू जातेस म्हणून ते रडतात,' असे दादाचे म्हणणे होते. मी न गेल्यामुळे ते रडायचे थांबले तर त्यांनी आशा सोडली असेल, असे माझे. अखेर त्याने केंद्राच्या व्यवस्थापकांना सांगून माझ्या भेटी थांबवल्या, आणि काही आठवड्यांनी फोनवर मोठ्या समाधानाने कळवले की बाबा आता अगदी शांत झाले आहेत, त्यांची कुरकूर नाही की काही मागणे नाही.

मी कुणालाही न कळवता गेले. बाबा दाराकडे पाठ करून बसले होते आणि दोनतीनदा हाक मारूनही त्यांची मान वळली नाही. कपाटाच्या वरच्या खणात, कागदी रुमालात गुंडाळलेले त्यांचे श्रवणयंत्र मला सापडले. आतली बॅटरी संपलेली होती. शेजारी बॅटऱ्यांचे पाकीट होते, पण त्यातल्या एकूण एक बॅटऱ्यांवरचा चिकट कागद कुणीतरी आधीच काढून ठेवला होता. ज्यांच्या घरात असे यंत्र आहे त्यांना ठाऊक असेलच की कागद निघाला की हवा लागून ही बॅटरी संपू लागते, मग ती यंत्रात असो वा पाकिटात. कामावरच्या मावशींनी सकाळच्या घाईत वेळ वाचावा म्हणून ते केले होते. त्यांना मी मुळीच दोष देत नाही, कारण त्यांना कुणी काही सांगितलेलेच नव्हते. माझ्याजवळची नवी बॅटरी घालून यंत्र कानात बसवल्यावर बाबा पहिल्यांदा म्हणाले, 'इथे सगळे एवढे पुटपुटत का बोलतात?' म्हणजे माणूस शांत झाला नव्हता, त्याला ऐकू येत नव्हते. दादा हे आजही मान्य करत नाही. बॅटरीचे काम एका फोनने झाले असते, असे तो म्हणतो. पण फोनवर नेमके काय विचारायचे हे कळायला कुणीतरी जाऊन पाहावे लागते, एवढे साधे त्याच्या गळी उतरत नाही.

भेटींच्या बाबतीत माझ्या म्हणण्याला आधार आहे. रिचर्ड शुल्झ या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये वृद्धनिवासातल्या रहिवाशांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थी त्यांना भेटायला जात. ज्यांना भेटीची वेळ स्वतः ठरवता येत होती, किंवा निदान आधी माहीत असे, त्यांची तब्येत आणि उमेद अधिक चांगली राहिली. अवचित भेट मिळणारे मात्र, तेवढ्याच भेटी मिळूनही, मुळीच भेट न मिळणाऱ्यांपेक्षा फारसे बरे नव्हते. पुढे भेटी थांबल्यावर आधी सुधारलेले रहिवासीच खालावले, असे १९७८ च्या पाहणीत दिसले. म्हणून रोज जाता आले नाही तरी चालेल, पण वार आणि वेळ ठरवावी, ती आईला दिसेल अशी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावी आणि पाळावी. 'पुढच्या महिन्यात नेते' असे खोटे आश्वासन तर कधीच देऊ नये.

शिवाय तिच्या हातात एखादी तरी गोष्ट उरू द्यावी. बाबांची दाढी मावशी चटकन करून टाकत. आम्ही आग्रह धरल्यावर त्यांना डाव्या हाताने स्वतः करू दिली जाऊ लागली, वेळ तिप्पट लागे, पण त्या दिवसापासून ते आरसा मागू लागले.

किती दिवस लागतात याचा ठरीव आकडा नाही. जागा बदलल्याने येणारा ताण परिचारिकांच्या निदानांच्या यादीत १९९२ पासून स्वतंत्रपणे नोंदला जातो, म्हणजे आईचे रडणे हट्ट नव्हे. आमच्याकडे पहिले काही महिने कठीणच गेले. टोचणीबद्दल मला फारसे सांगता येणार नाही. माझ्या मते ती पूर्ण जात नाही, आणि जे भाऊ 'मला काहीच वाटत नाही' म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

हे सर्व आपल्या आईला जसेच्या तसे लागू पडेलच असे नाही. तिला स्मृतिभ्रंश असेल तर संध्याकाळी गोंधळ वाढण्याची शक्यता असते, तेव्हा सकाळची वेळ निवडावी आणि निघताना लांबलचक निरोप टाळावा. ठरलेल्या भेटींखेरीज अधूनमधून न कळवताही जावे, पण ते केंद्राची व्यवस्था पाहण्यासाठी; त्या वेळी चश्मा, कवळी, श्रवणयंत्र, आणि पडून राहिल्याने जखमा होतात त्या टाचा व माकडहाडाची जागा नजरेखालून घालावी आणि वजनाची नोंद मागावी. आणि आई एकाएकी गप्प, झोपाळू किंवा भ्रमिष्टासारखी वाटू लागली तर ती रुळली असे कुणी म्हटले तरी मानू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, लघवीत जंतुसंसर्ग आहे का ते तपासून घ्यावे आणि औषधांच्या यादीत झोपेची नवी गोळी कधीपासून आली, हे विचारावे.